दगडाबाईचं पान

दगडाबाईनं नवऱ्याला पानातनं काहीतरी घातलं, असं हिंगणझरीत बोललं जाई. मोठ्यानं नव्हे. विहिरीवर बायांच्या घागरी अर्ध्या भरल्या की हे बोलणं निघायचं, आणि दगडाबाई चिंचेच्या वळणावर दिसली की सगळ्यांच्या घागरी एकदम भरून जायच्या. कुणी म्हणे धोतऱ्याचं बी घातलं, कुणी म्हणे कण्हेरीचं मूळ. एक म्हातारी तर शपथेवर सांगे, "चुन्यातच कालवलं हुतं, मी सोता वास घेतलाय." तिनं तो वास कुठं घेतला, कधी घेतला, दुसऱ्याच्या चुन्याच्या डबीत नाक घालायची तिला काय गरज पडली होती, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. जमून आलेल्या गोष्टीत असे प्रश्न कोण विचारतो?

हिंगणझरी खर्ड्याच्या अलीकडं दोन कोसांवर. टेकाडावर चढलं की खर्ड्याचा किल्ला दिसतो आणि त्याच्या पलीकडं त्या वेळी निजामाची हद्द होती. इकडं राज्य इंग्रजाचं, तिकडं निजामाचं, आणि सोयरिकी मात्र दोन्हीकडं. मुलगी हद्दीपलीकडची केली की हुंडा कमी आणि पुरणपोळी मोठी मिळते, असा गावचा अनुभव.

दगडाबाईचं नाव दगडाबाई का, तर तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. चौथीला दगड म्हटलं म्हणजे यम हात लावायचा नाही, हा आईबापाचा हिशेब. हिशेब बरोबर ठरला, जरा जास्तच ठरला. बाई साडेपाच फूट उंच, खांदे गड्यासारखे, आवाज असा की वावरातून हाक मारली की वेशीवरचं कुत्रं उठून उभं राहायचं. नवरा मच्छिंद्र मात्र किडकिडीत आणि मुखदुर्बळ. जत्रेला दोघं निघाले की टवाळ पोरं म्हणायची, "मच्छिंद्रदादा, वैनीच्या सावलीतनं चाला, ऊन लागंल." मच्छिंद्र हसायचा आणि खरंच सावलीत जायचा. मूलबाळ नव्हतं. आठ एकर मुरमाड रान, एक बैलजोडी, आणि त्याच अंगणात पलीकडच्या खोलीत धाकटा दीर बन्सी. संसार बरा चालला होता.

अशी ही कुणाच्या बापाला न भिणारी बाई एका शब्दाला मात्र भ्यायची. सापाला ती साप म्हणत नसे. लहानपणी आजीनं सांगितलं होतं की नाव घेतलं की ते येतं, आणि ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दिसला तर ती म्हणे 'लांबडं', बिळात गेला तर 'जनावर'. आणि कुणाला चावला तर आपल्या मुलखात सगळेच म्हणतात तसं म्हणे, "पान लागलं." हिंगणझरीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा याचा अर्थ कळत होता.

आता रंगनाथ पाटील. हे गावचे पोलीस पाटील आणि दगडाबाईचे मानलेले भाऊ. हे नातं मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीतलं. दगडाबाई नुकती नांदायला आलेली, सोळा-सतरा वर्षांची. पाटलाच्या घरात चार माणसं आडवी पडली आणि दारात कुणी पाऊल टाकीना, तेव्हा ही लांबलचक पोरगी रोज सकाळी पाण्याची घागर आणि गाडगंभर पेज घेऊन आत शिरायची. पाटलाची आई वाचली. तिनं लेकाला सांगितलं, "रंगा, तुला भन न्हाई. ही तुजी भन." त्या दिवाळीपासून दर भाऊबीजेला पाटील दगडाबाईच्या पाटावर बसत. पंचवीस वर्षं एकही भाऊबीज चुकली नाही. गावात पाटलाला कुणी नावं ठेवली तर दगडाबाई कमरेला पदर खोचून उभी राही, आणि मग नावं ठेवणारा ती परत घेई.

चव्वेचाळीस सालचा वैशाख. सकाळी मच्छिंद्र बैलांसाठी गंजीतून कडब्याची पेंढी ओढत होता. पेंढी आली ती ओरडतच आली, म्हणजे मच्छिंद्रच ओरडला. घोट्याच्या वर दोन टिपके, त्यातनं रक्त. बन्सीनं कासरा सोडून मांडीला आवळला आणि भावाला पाठीवर टाकून भैरोबाच्या देवळात नेलं. भगतानं लिंबाचा पाला चारला. मच्छिंद्र म्हणाला, "गोड लागतुया." मग मिरची चारली. तीही गोड लागली. विष चढलं की कडू-तिखट गोड लागतं, आणि खांबाला धरून उभ्या दगडाबाईला तेव्हाच कळलं. दुपारी उन्हं डोक्यावर आली तेव्हा सगळं संपलेलं होतं.

मढं अंगणात आणलं. बायांनी गळा काढला. दगडाबाईनं काढला नाही. तिला पुढची कामं दिसत होती. लढाईमुळं कापडाची टंचाई, कफनाला कापड कुठून आणायचं? तिनं मच्छिंद्रचं कोरं धोतर काढून दिलं. तेवढ्यात रंगनाथ पाटील आले. अंगावर परटाकडचा सदरा, डोक्याला नवा फेटा. दगडाबाईला वाटलं, मेलेल्या माणसाचा मान राखायला दादा असा नटून आलाय. असंही वाटतं माणसाला.

"दादा, पान लागलं ओ त्यान्ला," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिचा आवाज फुटला.

पाटलांनी फेट्याला हात लावला, मच्छिंद्रच्या पायावरचं धोतर जरा वर केलं, ते दोन टिपके बघितले, धोतर खाली सोडलं.

"ताई, हितं एक घोळ हाय," ते हळूच म्हणाले. "हे मरान सरळ न्हाई. सरकारच्या लेखी अपघाती. कायद्यानं तालुक्याच्या फौजदाराला वर्दी द्यायची, त्यो येईपतुर मढ्याला हात लावायचा न्हाई. आज दिली वर्दी तर त्यो परवा यायचा. वैशाखाचं ऊन हाय. आन आला की काय, चिरफाडीला धाडंल. तुला बगवंल का ते?"

"न्हाई दादा, न्हाई! चिरफाड नगं."

"मग ऐक माजं. तुमी जाळा. कागदाचं मी बगतो. हे बग, मी आत्ताच्या आत्ता तालुक्याला जातो आन समदं रीतसर करून येतो. भाऊ कशाला केलास मला?"

दगडाबाई एवढी मोठी बाई, पण ती वाकली आणि तिनं पाटलाच्या वहाणांवर डोकं ठेवलं. पाटलांनी पाय मागं घेतले, घाई होती. दिवस मावळायच्या आत ओढ्याकाठी मच्छिंद्रला बन्सीनं अग्नी दिला. आणि पुढं दोन महिने जो कुणी दारात बसायला येई त्याला दगडाबाई सांगायची, "मढ्याच्या दिवशी दादा माज्यासाठी उपाशीपोटी तालुक्याला गेला. सख्खा भाऊ करायचा न्हाई."

आषाढात गावात देवी डॉक्टर आला. देवीची लस टोचणाऱ्याला लोक तसं म्हणत. लस टोचायची आणि जाता जाता गावची जन्ममृत्यूची वही तपासायची, ही त्याची दोन कामं. हा नवा माणूस धारवाडकडचा होता, मराठी पुस्तकातनं शिकलेला. पाटील शेतावर होते, म्हणून चावडीच्या रामोश्यानं वही काढून दिली. त्यात एक नोंद दिसली: मच्छिंद्र, वय पंचेचाळीस, मयत, कारण ताप. देवी डॉक्टर दचकला. शेजारच्या तालुक्यात प्लेगाची ओरड होती आणि तापाची प्रत्येक नोंद पडताळा, असा त्याला हुकूम होता. तो वही काखेत मारून थेट दगडाबाईच्या अंगणात आला. ती जोंधळे पाखडत होती.

"बाई, मयत इसमास किती दिवस ज्वर येत होता?"

"कसला ज्वर?"

"ताप. ताप किती दिवस होता?"

"ताप कशाचा? पान लागलं की त्यान्ला."

डॉक्टरनं पेन्सिल काढली. "पान? कोणी दिलं?"

"कोन देनार? दैवानं दिलं."

"किती वाजता?"

"सकाळच्या पारी."

"पान लागल्यानंतर किती वेळ जिवंत होते?"

"दुपारपतुर."

"तोंडाला फेस आला?"

"आला की." दगडाबाईनं पदर डोळ्याला लावला.

"हे पान घरातलंच होतं?"

"घरातलंच म्हनायचं. गंजीतलं."

त्यानं विचार केला, आणि गंजी म्हणजे गंज, पाणी तापवायचं भांडं, असं स्वतःशी ठरवून लिहून घेतलं. संध्याकाळी त्यानं पाठवलेल्या कागदाचा अर्थ असा होता: मयतास ताप नव्हता, घरात एका भांड्यात ठेवलेलं पान खाल्ल्यावर त्याच्या तोंडाला फेस आला व तो काही तासांत मेला, पान कोणी दिलं याबद्दल पत्नी दैवाकडे बोट दाखवते. माणूस प्रामाणिक होता. त्यानं एक अक्षरही पदरचं घातलं नव्हतं.

आठव्या दिवशी फौजदार घोड्यावरून आले, मागं एक हवालदार. फौजदारांची सगळी नोकरी मुंबईत गेलेली. पान लागतं म्हणजे तंबाखूचं पान खाऊन डोकं गरगरतं, एवढंच त्यांना माहीत. हवालदाराला खरा अर्थ ठाऊक होता, पण साहेबाला मराठी शिकवणं त्याच्या कामात बसत नव्हतं. फौजदारांनी चावडीत आधी पाटलाला एकट्याला बोलावलं. आत काय बोलणं झालं ते रामोश्यानं दाराआडून ऐकलं आणि पुढं वर्षभर तमाखूच्या चिमटीवर थोडं थोडं विकलं: खोटी नोंद केली असली तर पाटीलकी जाईल, असं फौजदारांनी बजावलं होतं. मग दगडाबाईला बोलावणं गेलं.

ती आली. दादा आत बसलेला दिसला आणि तिचा जीव भांड्यात पडला. ती दाराशी उकिडवी बसली.

"बाई, तुमच्या नवऱ्याला काय झालं होतं?"

"पान लागलं, सायेब."

"तेच विचारतोय. कसलं पान? कोणी लावून दिलं?"

दगडाबाई गोंधळली. मग तिला वाटलं, हे शहरातलं माणूस, याला कळत नाही. ती पाटलाकडं वळून म्हणाली, "दादा, सांगा की सायबाला."

रंगनाथ पाटलांनी तमाखूची चंची उघडली. चंचीत बघतच ते म्हणाले, "मी काय सांगू? मला तू ताप म्हनलीस. मी ताप ल्हिलं. सायेब, बायामानसाच्या शब्दावर इश्वास ठेवला, हीच माजी चूक."

 दगडाबाईला आधी वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. ती म्हणाली, "दादा, तुमी सोता पाय बगितला. धोतर वर करून बगितलं."

"मी कशाला मढ्याचं धोतर वर करू?" पाटील म्हणाले. "आन पान म्हनशील तर सायेब, मच्छिंद्र खायचा पान. समदं गाव खातंय."

मच्छिंद्रनं उभ्या आयुष्यात पान खाल्लं नव्हतं. त्याला तमाखू मळायचाही आळस होता. दगडाबाई उठून उभी राहिली. हवालदार एक पाऊल मागं सरकला.

"साप!" ती म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. "साप चावला हो सायेब! साप! गंजीत साप हुता, पायाला चावला, साप, साप, साप!"

बाहेर जमलेल्या बायांनी कानांवर हात ठेवले. ज्या पाचसहा जणी पुढं चुन्यातलं विष शोधणार होत्या, त्याही त्यात होत्या. त्यांनी हा शब्द ऐकला होता, हे लक्षात ठेवलेलं बरं.

फौजदारांचा चेहरा बदलला. मूर्ख माणूस नव्हता तो. "साप चावला, मग तुम्ही पाटलाला ताप का सांगितलं?"

"मी न्हाई सांगितलं!"

"साप चावला हे कुणी बघितलं?"

"बन्सीनं! त्यानंच तर कासरा बांदला."

बन्सीला पुढं केलं. हा तोच बन्सी, ज्यानं भावाला पाठीवर टाकून देऊळ गाठलं होतं. पण आदल्या दिवशी फौजदार येणार ही खबर लागली तेव्हा पाटील रानात त्याला गाठून सहज बोलल्यासारखं बोलून गेले होते, की पंचनाम्याबिगर मढं जाळलं तर सरकार आधी त्याला धरतं, ज्यानं चूड लावली. बन्सीनं भावजयीकडं बघितलं नाही. त्यानं स्वतःच्या अंगठ्याकडं बघितलं.

"पाय सुजला हुता, म्हनून कासरा बांदला. डंख... पायाला माती हुती सायेब. नीट दिसलं न्हाई."

"बन्सी," दगडाबाई म्हणाली. एवढंच म्हणाली.

"वैनी, मला खरंच नीट दिसलं न्हाई," तो म्हणाला, आणि रडायला लागला. त्याचं रडणंही त्या दिवशी दगडाबाईच्या विरुद्धच गेलं. लोकांना वाटलं, भावासाठी रडतोय. देवळात हजर असलेल्यांपैकी, भगतासकट, पाटलासमोर कुणी पुढं आलं नाही.

फौजदारांनी लेखणी खाली ठेवली. "बाई, मढं असतं तर त्याच्या पायानं साक्ष दिली असती. आता राखेला काय विचारू?" कागदावर त्यांनी लिहिलं: मृत्यूचं कारण निश्चित होत नाही, कुणाविरुद्ध पुरावा नाही. त्यांनी प्रकरण मिटवलं, पाटलाकडं जेवले, आणि उन्हं कलायच्या आत घोड्यावर बसले.

झालं, सुटली म्हणायची. पण निश्चित होत नाही, हे शब्द फार वाईट. साप म्हटला असता तर गोष्ट संपली असती, विष म्हटलं असतं तरी एकदाची संपली असती. निश्चित होत नाही म्हटल्यावर निश्चित करायचं काम गावानं अंगावर घेतलं. गावाला दुसरं काम थोडंच होतं?

दगडाबाईनं आठ दिवस अंथरूण धरलं. नवव्या दिवशी ती उठून एलिया मास्तरांकडं गेली. हे मिशनच्या शाळेवरचे मास्तर, ख्रिस्ती, गावाच्या खालच्या अंगाला राहायचे. चष्म्याची एक काडी दोऱ्याची. पूर्वी नगरला एका वकिलाकडं कागदांच्या नकला करायचे, त्यामुळं कायद्याची कलमं त्यांना भजनासारखी पाठ. पुढं गावानं थट्टा केलीच की पुरणाऱ्यानं जाळणाऱ्यांना कायदा शिकवला.

"मास्तर, मला एवढंच सांगा. मी काय करायला पायजे हुतं?"

"तुम्ही नव्हे, बाई. पाटलानं." मास्तरांनी चष्मा पुसला. "घरात म्हातारपणानं, दुखण्यानं माणूस गेलं, तर पाटलाला कळवायचं, त्यानं वहीत मांडायचं, जाळायला आडकाठी नाही. पण साप, विहीर, झाड, आग असं काही असलं, तर पाटलानं गावातली दोनचार शहाणी माणसं पंच म्हणून बोलवायची. त्यांनी मढं बघायचं, डंख बघायचा, लिहायचं, सह्या-अंगठे करायचे. त्याचं नाव पंचनामा. संशय नसला की मढं घरच्यांच्या हवाली, खुशाल जाळा. कागद मागनं तालुक्याला धाडायचा."

"आन फौजदार? त्यो आल्याबिगर हात लावायचा न्हाई ना?"

"कोण म्हणालं? संशय असला तर गोष्ट निराळी. तुमच्यात कसला संशय? भैरोबाच्या देवळात अर्धं गाव होतं."

"आन चिरफाड?"

"कशाला?"

"मग ह्या पंचनाम्याला... दोन दीस लागत्यात?"

"दोन दिवस?" मास्तर हसले. "मी केलेत ना बाई. माणसं जागेवर असली तर अर्धा तास. पाटील का नाही बसला?"

"दादा तालुक्याला गेला हुता. माज्याच कागदासाठी." हे बोलताना तिचा स्वर अजून पाटलाची बाजू घेत होता. पंचवीस वर्षांची सवय होती ती.

मास्तरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी खर्ड्याहून येत होतो. पाटलाची गाडी मला हद्दीच्या नाक्याकडं जाताना भेटली. पाटलाचं पोरगं पटका बांधून गाडीत बसलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, मुलगी बघायला चाललोय, संध्याकाळचा मुहूर्त आहे."

दगडाबाई उठली आणि घरी आली. पाटलाच्या पोराचं लग्न ज्येष्ठात झालं होतं. दुखवट्यामुळं ती मांडवात गेली नव्हती, पण घरी बसून तिनं लग्नाचे दोन पोती गहू निवडून दिले होते. एक एक खडा काढून.

मास्तरांनी तिच्या बाजूनं तालुक्याला अर्ज केला, की वहीतली तापाची नोंद खोडून साप असं लिहावं. पाच महिन्यांनी उत्तर आलं: नोंद करणाऱ्या पोलीस पाटलानं चूक झाल्याचं लिहून दिलं तर विचार करता येईल. म्हणजे सगळा कायदा फिरून फिरून रंगनाथ पाटलाच्या जिभेवर येऊन बसला. एक शब्द त्यांनी बोलायचा होता. दोन अक्षरांचा.

पहिली दिवाळी दुखवट्यात गेली. दुसरी आली, लढाई संपली त्या सालची. भाऊबीजेला पाटील येणार नाहीत असं सगळ्यांना वाटलं होतं. पण पाटील हुशार. न जावं तर लोक म्हणतील मनात काही आहे. जावं तर सगळं मिटल्यासारखं दिसतं. ते आले, टंचाईतही कुठून तरी मिळवलेलं हिरवं लुगडं काखेला लावून, मागं चारपाच माणसं घेऊन. शेजारच्या बायाही काही ना काही मागायच्या निमित्तानं अंगणात आल्या. एकीला विरजण हवं होतं, एकीला सुई. त्या दिवशी गावातल्या सगळ्या सुया हरवल्या होत्या.

दगडाबाईनं पाट मांडला. पाटील बसले. तिनं तबक आणलं: निरांजन, सुपारी, तांदळाचे दाणे. तिनं ओवाळलं. 

"दादा, ववाळणी नगं मला," ती म्हणाली. "एक सबूद द्या. माज्या मालकाला काय झालं हुतं, ते ह्या समद्यांम्होरं सांगा."

पाटील हसले. "सनासुदीला कशाला ते, ताई? झालं गेलं. तुला काय कमी हाय, मी हाय की."

"साप म्हना, दादा."

"अगं, वही सरकारची. मला आता तिच्यात..."

"वहीत नगं. हितं म्हना."

पाटील लुगड्याची घडी नीट करत राहिले. 

"बरं," दगडाबाई म्हणाली. "नगा म्हनू." तिनं आत जाऊन दुसरं तबक आणलं. त्यात हिरवंगार नागवेलीचं पान होतं. सगळ्यांदेखत तिनं त्याला चुना लावला, कात घातला, सुपारी घातली, विडा दुमडला, त्यात लवंग टोचली. पंचवीस वर्षांत तिनं पाटलाला कधी विडा दिला नव्हता. तिच्या घरात पान खायची रीतच नव्हती. हे पान तिनं खर्ड्याच्या बाजारातून मुद्दाम आणलं होतं.

"घ्या. भनीच्या हातचं पान खा."

आता बघा गंमत. दगडाबाईच्या हातात विष नव्हतं, हे त्या जमलेल्यांत एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. ज्यानं धोतर वर करून ते दोन टिपके बघितले होते त्याला. त्यानं विडा तोंडात टाकला असता तर सापाचं नावसुद्धा घ्यावं लागलं नसतं. खाल्लं असतं, चावलं असतं, लाल ओठांनी अंगणातून बाहेर पडला असता, आणि विहिरीवरच्या सगळ्या तोंडांना टाळं लागलं असतं.

पण खाल्लं की लोक म्हणणार, पाटलाला भीती कशी वाटली नाही? म्हणजे पाटलाला ठाऊक होतं. मग चावडीत काय सांगितलं? हा सगळा हिशेब पाटलाच्या कपाळावर दिसत होता. दगडाबाई विडा धरून उभी होती. तिला अजून, हो, अजून वाटत होतं की दादा हात पुढं करेल.

"दात दुखतोय, ताई," रंगनाथ पाटील म्हणाले.

ते उठले. लुगडं पाटावर ठेवलं आणि वहाणा घालून गेले. माणसं त्यांच्या मागं गेली. बायांना सुया नकोशा झाल्या.

"दादा!" दगडाबाईनं एकदाच हाक मारली. वेशीपर्यंत ऐकू गेली ती. पाटलांनी मागं वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर म्हातारी म्हणाली, "सख्ख्यावानी भाऊ, त्यानंसुदा तिच्या हातचं पान खाल्लं न्हाई. आता काय सांगायचं ऱ्हायलं?" ती गोष्ट तिथं जी रुजली ती कायमची. दगडाबाई पुढं एकटीनंच रान करत राहिली. बन्सी तिच्याशी बोलायला यायचा, ती त्याला जेवायला वाढायची, बोलायची नाही. रंगनाथ पाटील चावडीत बसत राहिले. वहीत ताप तसाच राहिला.

मच्छिंद्रला कडब्याच्या गंजीत साप चावला आणि त्या दुपारी तो मेला. दगडाबाईनं त्याला कुठलंही पान दिलं नव्हतं. पंचनाम्याला अर्धा तास लागला असता. रंगनाथ पाटलाला मुलगी बघायला जायचं होतं, म्हणून तो झाला नाही.